ॲक्टिव्ह घ्यावेत की पॅसिव्ह? कोकणात साऊंडचा धंदा सुरू करणाऱ्यांसाठी

दुकानात उभं राहून स्पीकर निवडू नये. दुकानात सगळेच बॉक्स चांगले वाजतात. वीज स्थिर, खोली बंद, कान आठ फुटांवर आणि गाणं दुकानदाराच्या आवडीचं. तोच बॉक्स मे महिन्यात आंब्याच्या बागेतल्या लग्नात किंवा भर भाद्रपदात विसर्जनाच्या टेम्पोवर कसा वागेल, हे तिथे कळत नाही. म्हणून "ॲक्टिव्हचा आवाज चांगला की पॅसिव्हचा?" या प्रश्नाला मी फारशी किंमत देत नाही. आपल्याकडे वीज कुठून येते, बॉक्स कोण उचलतं आणि रात्री नऊ वाजता काही बंद पडलं तर काय करता येतं, यावर निवड ठरते.

आधी फरक समजून घ्या. पॅसिव्ह बॉक्समध्ये वूफर (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर), वर हॉर्नचा ड्रायव्हर (वरच्या सुरांचा) आणि त्या दोघांत आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर, एवढंच असतं. ताकद बाहेरच्या ॲम्प्लिफायरकडून येते. ॲक्टिव्हमध्ये ॲम्प्लिफायर बॉक्सच्या पाठीतच बसवलेला असतो. चांगल्या ॲक्टिव्हमध्ये आवाजाची वाटणी ॲम्प्लिफायरच्या आधीच होते, वूफरला आणि हॉर्नला वेगवेगळा ॲम्प्लिफायर मिळतो आणि लिमिटर, म्हणजे आवाज हद्दीबाहेर जाऊ न देणारी सोय, कंपनीने त्याच ड्रायव्हरचा अंदाज घेऊन बसवलेला असतो. स्वस्त, ब्लूटूथ-पेनड्राइव्हवाल्या बॉक्समध्ये बऱ्याचदा एकच ॲम्प्लिफायर आणि त्यापुढे साधा क्रॉसओव्हर असतो. म्हणायला तोही ॲक्टिव्हच. बाहेर रंगीत दिवे असले की आत कुठेतरी काटकसर केलेली असते, असा माझा पूर्वग्रह आहे आणि तो मोडायची वेळ क्वचितच आली.

पायरी १ : वर्षभराच्या सुपाऱ्या लिहून काढा

वही घ्या आणि तुमच्या पंचक्रोशीत तुम्हाला खरोखर मिळतील अशी कामं लिहा. गणपतीतली घरगुती भजनं, डबलबारी (दोन बुवांच्या भजनांचा सामना), कार्तिकापासूनचे दहीकाले आणि दशावतार, सत्यनारायणाच्या पूजा, शाळेचं गॅदरिंग, क्रिकेट टूर्नामेंटची कॉमेंट्री, शिमग्याची पालखी, एप्रिल-मेमधली लग्नं आणि हळदी. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: माणसं किती, नाच आहे की ऐकणं, आणि वीज कोणाची.

बहुतेकांच्या वहीत एक गोष्ट दिसेल. निम्म्याहून जास्त कामं ऐकण्याची असतात. दशावतारात गणपती-संकासुरापासून शेवटच्या युद्धापर्यंत लोकांना संवाद आणि पेटी-मृदुंग स्पष्ट हवा असतो, बेसचा धक्का नको असतो. मागून कोणीतरी ओरडतं ते "मागे आयकाक येना नाय" असं. "बेस वाढव" असं ओरडणारे हळदीत भेटतात. ऐकण्याच्या कामांना दोन चांगले टॉप, म्हणजे स्टँडवरचे मुख्य बॉक्स, पुरतात. नाचाच्या कामांना बेस (फक्त खालच्या सुरांचे वेगळे बॉक्स) लागतात, माणसं लागतात, मोठा जनरेटर लागतो, आणि तिथे मोठ्या साऊंडवाल्यांशी स्पर्धाही असते. नवख्या माणसाने पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नये.

अंतराचा हिशोबही इथेच करा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवर १२० डेसिबल देणारा बॉक्स सोळा मीटरवर साधारण ९६ वर येतो. उलट ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली तरी मिळतात फक्त ३ डेसिबल, आणि कानाला आवाज "दुप्पट" वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. वॅटच्या मागे धावणाऱ्यांनी हे एकदा कागदावर लिहून बघावं. मागच्या लोकांपर्यंत पोहोचायचं तर आधी स्टँड उंच करा आणि बॉक्सचं तोंड किंचित खाली, शेवटच्या रांगांकडे वळवा. तेवढ्याने भागलं नाही तर मध्यावर आणखी एक जोडी लावा. ती जोडी पुढच्यापासून वीस मीटरवर असेल तर तिला सुमारे ५८ मिलिसेकंदांचा डिले द्यावा लागतो, म्हणजे आवाज तेवढा उशिरा सोडावा लागतो, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. बऱ्याच डिजिटल मिक्सरमध्ये आणि काही ॲक्टिव्ह बॉक्समध्ये ही सोय आतच असते.

जत्रेच्या रस्त्यावर लांबपर्यंत नुसत्या सूचना ऐकवायच्या असतील तर ॲक्टिव्ह-पॅसिव्हचा वादच नको. तिथे १०० व्होल्ट लाईनचे भोंगे लावा. एकाच बारीक वायरवर ओळीने भोंगे जोडता येतात, कारण प्रत्येकाला आपला ट्रान्सफॉर्मर असतो.

पायरी २ : वीज तपासा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि हीच सगळे गाळतात.

लांबच्या वाडीत शेवटच्या खांबावरच्या घरी संध्याकाळी पंप आणि पंखे सुरू झाले की २३० व्होल्ट फक्त बिलावर राहतात. जुन्या जड ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्प्लिफायरची ताकद अशा वेळी कमी होते, पण तो वाजत राहतो. ॲक्टिव्ह बॉक्सच्या पाठीवर काय छापलंय ते वाचा. "१००-२४०" असेल तर तो कमी व्होल्टेज बऱ्यापैकी सोसतो. काहींना ११५ आणि २३० निवडायचा छोटा स्विच असतो. तो ११५ वर राहिला आणि तुम्ही प्लग लावला तर बॉक्स गेला. नवीन बॉक्स घरी आणला की आधी तो स्विच २३० वर आहे ना ते बघा आणि त्यावर चिकटपट्टी मारा.

कमी व्होल्टेजपेक्षा भीती ढिल्या न्यूट्रलची. मंडपवाला थ्री फेज घेतो, एका फेजवर दिवे, एकावर पंखे, एकावर तुम्ही. न्यूट्रलचा सांधा सुटला की तुमच्या फेजवर ४०० व्होल्टच्या आसपास येऊ शकतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. साऊंड जोडण्याआधी तुमच्या पॉइंटवर मल्टिमीटर लावा आणि मंडपवाल्याला बाकीचे दिवे लावायला सांगा. आकडा थोडा उतरला तर ठीक. भरपूर उतरला तर वायर बारीक आहे. आणि दिवे लागल्यावर आकडा वर चढला तर न्यूट्रल ढिला आहे. वायरमन येऊन सांधा घट्ट करेपर्यंत काहीही जोडू नका, यजमान कितीही घाई करोत.

इथे दोन्ही पद्धतींतला फरक पैशात दिसतो. पॅसिव्हमध्ये विजेला जोडलेल्या वस्तू दोनच: मिक्सर आणि ॲम्प्लिफायरचा रॅक. त्यांच्या आधी हाय-लो व्होल्टेजला लाईन तोडणारा एक कटऑफ बसवला की काम झालं. ॲक्टिव्हमध्ये प्रत्येक बॉक्स स्वतंत्रपणे लाईनवर असतो. कुणी एक बॉक्स मंडपातल्या जवळच्या बोर्डात खोचला, दुसरा देवळाच्या ओट्यावरच्या प्लगमध्ये, की कटऑफ कामाचा नाही, वर गुणगुण सुरू होते ती वेगळी. म्हणून ॲक्टिव्ह वापरणाऱ्याने नियमच करावा: सगळी वीज एकाच पॉइंटवरून, आपल्याच मुख्य बोर्डातून, आपल्याच एक्स्टेन्शनने. बोर्डात कटऑफसोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) हवाच.

गुणगुण आली की काहीजण प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकतात. गुणगुण थांबते हे खरं, पण बॉक्समध्ये बिघाड झाला तर करंट माईक धरलेल्या बुवांच्या हातातून जाईल. उपाय सिग्नलच्या बाजूने करा: सिग्नल केबलच्या मध्ये लावायचा, ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स घ्या आणि त्यावरचा ग्राउंड लिफ्टचा स्विच वापरा; तो सिग्नलची अर्थिंग तोडतो, विजेची नाही. आपल्याकडे अर्थिंग मुळातच कमजोर असतं. उन्हाळ्यात जांभ्याचा कातळ कोरडा पडला की जमिनीत ठोकलेला रॉड नावापुरता उरतो. त्याच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतून माती ओली ठेवा.

जनरेटरचा हिशोब करताना बॉक्सवर छापलेले वॅट बेरजेला घेऊ नका. "१००० वॅट" लिहिलेला ॲक्टिव्ह टॉप सतत हजार वॅट खेचत नाही. संगीताची सरासरी मागणी पूर्ण ताकदीच्या साधारण आठव्या हिश्शाची धरतात. दोन टॉप आणि मिक्सरला दोन-तीन केव्हीएचा चांगला जनरेटर आरामात पुरतो, फक्त त्यावर मंडपवाल्याचे हॅलोजन चढू देऊ नका. जनरेटर सुरू करून स्थिर होऊ द्या, मग साऊंड जोडा. बंद करताना उलट.

पायरी ३ : केबल आणि उचलाउचल

ॲक्टिव्ह बॉक्सला दोन केबल लागतात, एक विजेची आणि एक सिग्नलची. पॅसिव्हला एकच. ॲक्टिव्हवाले "रॅक उचलावा लागत नाही" म्हणतात आणि पॅसिव्हवाले "बॉक्स हलका असतो" म्हणतात. दोघंही अर्धं खरं बोलतात. हल्लीचे प्लास्टिक बॉडीचे पंधरा इंची ॲक्टिव्ह साधारण वीस किलोच्या आसपास असतात आणि एकट्या माणसाला उचलता येतात. छोटा हत्ती देवळापर्यंत जात असेल तर वजनाचा प्रश्न नाही. जात नसेल, खाली पाखाडीने उतरायचं असेल, तर जड ॲम्प्लिफायरचा रॅक दोघांनी धरून पायऱ्या उतरणं काय असतं ते एकदा अनुभवा. अशा वाड्यांची कामं जास्त असतील तर ॲक्टिव्हकडे झुका.

पॅसिव्हमध्ये लांब वायरीत ताकद जिरते. तीस मीटरवर बॉक्स असेल तर करंट जाऊन-येऊन साठ मीटर तांब्यातून फिरतो. वायर २.५ स्क्वेअर एमएमची असली तर तिचा रोध अर्ध्या ओहमच्या जरा खाली येतो. बॉक्स ८ ओहमचा असेल तर सुमारे दहावा हिस्सा जातो, ४ ओहमचा भार असेल तर पाचवा. १.५ ची वायर घेतली तर ४ ओहमवर जवळजवळ तीस टक्के. म्हणून रॅक बॉक्सच्या जवळ ठेवा आणि मिक्सरकडून लांब सिग्नल केबल आणा. बेसला ४ स्क्वेअर एमएम वापरा.

एक सवय मात्र आजच सोडा, आधीच्या माणसाकडून शिकला असाल तरी. स्पीकरच्या वायरीला घरगुती दोन किंवा तीन पिनचा प्लग लावू नका. अंधारात, गर्दीत कोणीतरी मदत म्हणून तो प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालतो. स्पीकॉन कनेक्टर फिरवून बसतो, ओढून निघत नाही आणि विजेच्या सॉकेटमध्ये जाऊच शकत नाही. स्पीकरची लाईन निरुपद्रवी असते असंही समजू नका. ८ ओहमवर १००० वॅट म्हणजे जवळपास ९० व्होल्ट.

पायरी ४ : पॅसिव्ह घेणार असाल तर ओहम शिका

८ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की ४ ओहम, चार जोडले की २. बहुतेक मध्यम ॲम्प्लिफायर प्रत्येक चॅनलला ४ ओहमपर्यंत सुखात असतात. २ वर तापतात आणि प्रोटेक्शनमध्ये जातात, म्हणजे स्वतःला वाचवायला आपोआप बंद होतात, तेही नेमके वरातीत. एका चॅनलवर दोनच बॉक्स, हा नियम पहिलं वर्ष पाळा.

वॅटच्या आकड्यांत आरएमएस (सतत सोसण्याची ताकद), प्रोग्राम (चढ-उताराच्या संगीताची) आणि पीक (क्षणभराची) असे तीन प्रकार दिसतील. साधारणपणे प्रोग्राम आरएमएसच्या दुप्पट आणि पीक चौपट. "१६०० वॅट" असं ठसठशीत लिहिलेला बॉक्स अनेकदा ४०० वॅट आरएमएसचा निघतो. त्याला ८ ओहमवर ४०० ते ६०० वॅट देणारा ॲम्प्लिफायर जोडा. ८०० चाही चालतो, पण त्यासाठी लाल दिव्याकडे लक्ष ठेवणारा हात हवा. फार लहान ॲम्प्लिफायर कान फुटेस्तोवर पिळला तर तो क्लिप होतो, म्हणजे आवाजाच्या लहरींची टोकं कापली जातात, आणि आधी जातो हॉर्नचा डायफ्राम (आतला पातळ पडदा). ॲक्टिव्हमध्ये हे गणित कंपनीने करून दिलेलं असतं, आणि नवख्या माणसासाठी त्याचा खरा फायदा हाच. नवऱ्याच्या मित्राने मिक्सरकडे हात नेला तरी लिमिटर सांभाळून घेतो. दिवा सतत लाल राहिला तर मात्र आवाज कमी करा. लिमिटर म्हणजे परवाना नव्हे.

पायरी ५ : पाऊस, खारा वारा, ऊन

मालवण, वेंगुर्ला, गुहागर, मुरुड, कुठेही किनाऱ्यालगत असाल तर धातूवर मीठ बसतंच. पॅसिव्ह बॉक्सला गंज धरेल असं बाहेर फारसं काही नसतं: जाळी, स्क्रू, कनेक्टर. ॲक्टिव्हच्या पाठीवर मात्र ॲल्युमिनियमची पट्टी, बटणं, सॉकेट आणि आत बारीक सर्किट. किनाऱ्यावरच्या लग्नानंतर बॉक्स कोरड्या कापडाने पुसा, कॅनन पिनना (माईक केबलच्या तीन पिनांना) आणि सॉकेटना कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, आणि जून ते सप्टेंबर बॉक्स न वापरता पडून राहणार असेल तर पंधरवड्यातून एकदा तासभर मंद आवाजात वाजवा. आतल्या उबेने दमट हवा निघून जाते. जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा.

गणपतीच्या मिरवणुकीत पाऊस गृहीतच धरा. टेम्पोवर ॲक्टिव्ह ठेवून वरून प्लास्टिक गुंडाळलं की पाणी थांबतं, पण पाठीमागची हवाही थांबते, आणि अर्ध्या वाटेत थर्मल प्रोटेक्शन लागून बॉक्स गप्प होतो. इथे माझं मत स्पष्ट आहे: पावसातल्या मिरवणुकीला पॅसिव्ह. बॉक्स भिजू नयेत म्हणून ताडपत्री ताणा, ॲम्प्लिफायर केबिनमागे कोरड्या जागी, पंख्याला हवा मिळेल असे ठेवा. मे महिन्यातल्या उन्हातही हेच दुखणं. काळा बॉक्स दुपारभर उन्हात राहिला तर संध्याकाळी वाजायच्या आधीच तापलेला असतो. ॲक्टिव्हची पाठ सावलीकडे करा.

पायरी ६ : बंद पडल्यावर काय

ॲक्टिव्ह बंद पडला तर एकच बाजू जाते, दुसरी वाजते, कार्यक्रम रेटता येतो. पण तो दुरुस्त करायला सर्व्हिस सेंटर लागतं. आतला बोर्ड तालुक्याच्या गावातला टीव्ही-मेकॅनिक सहसा हातात घेत नाही. म्हणून घेण्याआधी विचारा की बोर्ड सुटा मिळतो का, कुठे, किती दिवसांत. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी कंपनी बघा.

पॅसिव्हमध्ये ॲम्प्लिफायर गेला तर सगळंच शांत होतं, पण टेम्पोत दुसरा ॲम्प्लिफायर असेल तर पाच मिनिटांत पुन्हा सुरू. वूफरची कॉइल जळली तर रिकोनिंग (नवा कोन आणि कॉइल बसवणं) करून मिळतं, हॉर्नचा डायफ्राम बदलता येतो, सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात. जुना माल घ्यायचा तर पॅसिव्हच घ्या. मल्टिमीटर लावलात की ८ ओहमचा वूफर साडेपाच ते सात ओहमच्या मध्ये दिसला पाहिजे, आणि कोन दोन्ही हातांनी हलकेच आत दाबला तर खरखर ऐकू येता कामा नये. जुना ॲक्टिव्ह बाहेरून ओळखता येत नाही. तासभर जोरात वाजवून बघायची मुभा देत नसतील तर सोडून द्या.

मग घ्यायचं काय

बहुतेक नवख्यांना मी सांगेन: दोन चांगले ॲक्टिव्ह टॉप, बारा किंवा पंधरा इंची, दोन भक्कम स्टँड, छोटा मिक्सर, आणि उरलेले पैसे वीज-बोर्ड, केबल आणि माईकवर. भजन, दशावतार, पूजा, गॅदरिंग, कॉमेंट्री एवढ्यावर निघतात. डबलबारीला आणखी दोन लहान ॲक्टिव्ह मॉनिटर म्हणून घ्या, दोन्ही बुवांना एकेक; समोरच्या मृदुंगाच्या आवाजात स्वतःची पेटी ऐकू आली नाही की बुवा चिडतात, आणि राग साऊंडवाल्यावर निघतो. हळदीची सुपारी आली तर त्या रात्रीपुरते बेस भाड्याने आणा.

बॉक्स चारच्या वर जायला लागले, मिरवणुका येऊ लागल्या, हाताखाली कायमचा माणूस आला, की पॅसिव्ह आणि रॅकचा विचार करा. तेव्हा ॲक्टिव्ह विकू नका, मॉनिटरला आणि लहान कामांना ठेवा. बेस ॲक्टिव्ह आणि टॉप पॅसिव्ह अशी सरमिसळ चालते. पण एकाच बाजूला एक ॲक्टिव्ह टॉप आणि शेजारी दुसऱ्या जातीचा पॅसिव्ह टॉप लावू नका. ॲक्टिव्हच्या आतल्या डिजिटल प्रक्रियेत आवाज काही मिलिसेकंद मागे पडतो आणि दोघांचे सूर एकमेकांना खातात.

परवानगीचं आधीच बघा. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो बंद. सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस कोणते हे स्थानिक पोलीस ठाण्यात विचारा. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटर भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. अर्ज यजमानाने करायचा की तुम्ही, हे सुपारी घेतानाच ठरवा, आणि परवानगीच्या कागदाची प्रत टेम्पोत ठेवा.

पहिल्या सुपारीच्या आठवडाभर आधी सगळी मांडणी स्वतःच्या खळ्यात एकदा पूर्ण करा: बोर्ड, कटऑफ, केबल, स्टँड, माईक. घड्याळ लावा, एकट्याने किती वेळ लागतो ते बघा, आणि त्याच्या दुप्पट वेळ आधी कार्यक्रमाला पोहोचा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून लांबी लिहा. मग फोनवरचं गाणं बाजूला ठेवून घरातल्या कोणाला तरी माईकवर पाच मिनिटं नुसतं बोलायला सांगा आणि तुम्ही गडग्यापर्यंत चालत जाऊन ऐका; शब्द घुमत असतील तर मिक्सरवर खालचे सूर कमी करा आणि परत चालत जा.